मिठाईच्या डब्याला घडीवर तडे जाऊन राहिले, पेस्टिंगही सुटते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मोर्शी तालुक्यात आमच्या गावात बचत गटाचं डबे बनवायचं छोटं युनिट आहे, पेढा, संत्रा बर्फी, लग्नातल्या बुंदीचे अर्धा किलो-एक किलोचे डबे करतो. छापलेला पुठ्ठा अमरावतीहून येते, 300 जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन 300 ग्रॅम) डुप्लेक्स, मागून करडा. पंचिंग, म्हणजे डायनं (साच्यानं) शीट कापणं अन् घड्या दाबणं, आमच्याकडंच होते, हातानं शीट लावायची प्लेटन मशीन आहे, अन् पेस्टिंग बायका बसून करतात.

दोन तक्रारी आहेत. पहिली, साध्या वार्निशवाल्या डब्याची घडी घातली का वरचा पांढरा थर फुटते अन् आतला करडा दिसते. छपाई गडद लाल आहे त्यामुळं तडा लांबूनच दिसते. दिवाळीच्या वेळी हीच मशीन, हीच डाय, हाच पुठ्ठा, एकही डबा वापस आला नव्हता, एप्रिल लागला तशी बोंब सुरू झाली. दुसरी, लॅमिनेशनवाला (वर प्लास्टिकची फिल्म लावलेला) बर्फीचा डबा संध्याकाळी चिकटवलेला दिसते अन् सकाळी गठ्ठा सोडला का बाजूची पट्टी आपोआप उघडते.

पुठ्ठेवाला म्हणते डाय खराब, डायवाला म्हणते पुठ्ठा खराब. दोघंही फोनवरच बोलतात, पाहायला कोणी येत नाही. लग्नसराईचा माल आहे, वापस आलेल्या डब्याचे पैसे बायकांच्या मजुरीतून कापायची वेळ येऊ नये एवढंच मले वाटते. कोणाला यातलं माहीत असेल तर नीट समजावून सांगा, काहून होते तेही सांगा, नुसतं हे करा ते करा नको.

प्रतिसाद – डायमेकर_नागपूर

ताई, आधी एक सांगा, तडा सगळ्या घड्यांना जाते का काही ठरावीक घड्यांनाच? अन् पंच झालेलं शीट उलटं करून करड्या बाजूनं क्रीझवरून, म्हणजे घडीसाठी दाबलेल्या रेषेवरून, बोट फिरवा. तिथं गोल उंचवटा हाताला लागते का?

प्रतिसाद – धागाकर्ती

भाऊ, आत्ता बसून पाहिलं. लांब बाजूच्या दोन्ही घड्या फुटतात, आखूड बाजूच्या चांगल्या आहेत. उंचवटा लागते पण बारीक, चपटा, अन् त्याच्या मधोमध दाबल्यासारखी चीर आहे.

प्रतिसाद – डायमेकर_नागपूर

मग बरंच समजलं. पुठ्ठा मिलमध्ये बनते तेव्हा त्याचे तंतू बहुतेक एकाच दिशेनं बसतात, त्याला आपण ग्रेन म्हणतो. ग्रेनच्या बाजूनं घडी सहज बसते, ग्रेनला आडवी घातली का तंतू वाकवावे लागतात अन् वरचा थर ताणला जाते. तुमच्या शीटवर ग्रेन लांब घड्यांना आडवा आहे. खात्री करायची तर त्याच पुठ्ठ्याच्या सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापा, एक उभी एक आडवी, दोन्ही एका टोकाला धरा, जी जास्त लोंबते तिच्यात ग्रेन आडवा.

पण ग्रेन आडवा आहे म्हणजे डबा फुटलाच पाहिजे असं नाही. डब्याला दोन्हीकडं घड्या असतात, कुठली तरी आडवी येणारच. क्रीझ म्हणजे नुसता दाब नाही, रूल, म्हणजे डायमधली बोथट पट्टी, पुठ्ठ्याला खालच्या चॅनलमध्ये, म्हणजे खाचेत, ढकलते, आतले थर एकमेकांपासून सुटतात अन् मागून गोल उंचवटा तयार होते. घडी घालताना तो उंचवटा आत राहते म्हणून वरच्या थरावर ताण येत नाही. उंचवटा बसला नाही तर सगळा ताण वरच्या पांढऱ्या थरावर.

चॅनलची रुंदी काढायचा हिशोब सोपा आहे: पुठ्ठ्याची जाडी गुणिले दीड, अधिक रूलची जाडी. तुमचा पुठ्ठा 0.4 मिमीच्या आसपास असेल, 2 पॉइंट रूल 0.71 मिमीचा असते, म्हणजे 1.3 मिमी. ग्रेनला आडव्या घडीला त्याहून थोडा रुंद ठेवा. चॅनलची खोली पुठ्ठ्याच्या जाडीएवढी. अन् नाइफ, म्हणजे कापायची पाती, 23.8 मिमी उंच असते, क्रीझ रूल तिच्यापेक्षा पुठ्ठ्याच्या जाडीएवढा बुटका लागते. मधोमध चीर दिसते म्हणजे चॅनल अरुंद आहे किंवा रूल उंच आहे, पुठ्ठा तिथं कापल्यासारखा होऊन राहिला. जाडी मायक्रोमीटरनं मोजून घ्या, जीएसएमवर जाऊ नका, दोन मिलचा 300 जीएसएम सारख्या जाडीचा नसते.

प्रतिसाद – छापखाना_अकोला

वरचं सगळं बरोबर, पण दिवाळीत हीच डाय चालली होती याचं उत्तर हवेत आहे. पुठ्ठ्यात ओल असते, साधारण 6 ते 8 टक्के राहिली तर तंतू लवचिक राहतात. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात दुपारी हवा एवढी कोरडी असते का पुठ्ठ्यातली ओल उडून जाते अन् तो वाळलेल्या पापडासारखा तडकते. दिवाळीच्या वेळी हवेत ओल असते, त्यामुळं तोच अरुंद चॅनल तेव्हा खपून गेला.

आमच्याकडं उन्हाळ्यात गठ्ठ्याचं प्लास्टिक पंचिंगच्या आधी सोडतच नाही. खोलीत डेझर्ट कूलर चालू ठेवतो पण झोत गठ्ठ्यावर नाही, भिंतीकडं. सरळ गठ्ठ्यावर मारला तर काठ ओले होऊन लहरी पडतात अन् शीट मशीनच्या गाइडला (टेकायच्या जागी) नीट लागत नाही. पंचिंग पहाटे उरकतो, उरलेला गठ्ठा लगेच झाकतो. पाणी शिंपडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, पुठ्ठा एका बाजूनं भिजला का वाकडा होते. अन् पंच झालेला माल उन्हात, पत्र्याखाली ठेवू नका, घडी घालेपर्यंत तोही झाकलेलाच असावा.

प्रतिसाद – पेस्टिंगवाली_ताई

ताई, चिकटवण्याचं मी सांगते. सुटलेली पट्टी हातात घेऊन पाहा. करडे तंतू फाटून गमाला लागलेले असतील तर गमानं धरलं होतं, पुठ्ठ्याचाच थर फाटला. गम काचेसारखा चकचकीत राहून फिल्मवरून साफ निघत असेल तर तो फिल्मला धरलाच नाही. लॅमिनेशनची फिल्म पाणी पीत नाही, साधा पांढरा गम पुठ्ठ्यात पाणी जिरून सुकते, फिल्मवर तो नुसता बसून राहते. लॅमिनेशनवाल्याला सांगा पेस्टिंगची पट्टी मोकळी सोडायला. ते जमत नसेल तर लॅमिनेशनवर चालणारा गम वेगळा मिळते, तो घ्या, किंवा डायमध्ये त्या पट्टीवर छोटे काप पाडणारा रूल बसवून घ्या म्हणजे गम फिल्मखालच्या पुठ्ठ्यापर्यंत जाते.

अन् उन्हाळ्यात एक बाई गम लावते, दुसरी दाबते, मधे चार डबे साचतात, तेवढ्यात गमवर साय धरते. जिनं लावला तिनंच लगेच दाबायचा. गमाचं भांडं झाकून ठेवा, पंख्याखाली तर नकोच.

प्रतिसाद – धागाकर्ती

तुम्हा तिघांचे लई आभार. सुटलेल्या पट्ट्या तपासल्या, गम साफ निघते, चकचकीत, तंतू एकही नाही. म्हणजे लॅमिनेशनचंच. पुढच्या छपाईत पट्टी मोकळी सोडायला सांगितली. आता असलेल्या मालाला काप पाडणारा रूल बसवून घेते. चॅनल 1 मिमीचा निघाला, 1.4 चा मागवून राहिले. एक विचारायचं होतं भाऊ, चॅनल येईपर्यंत आधीच पंच केलेले डबे वाचवता येतील का?

प्रतिसाद – डायमेकर_नागपूर

फुटलेले नाही वाचत. पंच केलेले पण अजून घडी न घातलेले असतील तर रात्रभर कूलरच्या खोलीत पसरून ठेवा, सकाळी घडी हळूहळू घाला, आधी अर्धी मग पूर्ण. पाच-दहा डब्यांवर करून पाहा, जमलं तरच बाकीच्यांना हात लावा. अन् नव्या चॅनलवर पहिलं शीट निघालं का करड्या बाजूचा फोटो इथं टाका.