'खोटा फोटो' की 'फेरफार केलेला फोटो'?

मनवा: नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी एक पाठ मराठीत आणतेय, स्क्रीनवरचे फोटो आणि जाहिराती नीट कशा बघायच्या यावर. मॅनिप्युलेटेड इमेजला मी सरळ 'खोटा फोटो' लिहिलं, तर सोबतच्या ताईंनी ते खोडून 'फेरफार केलेली प्रतिमा' केलं. या वयाची मुलं प्रतिमा कुठे बोलतात? काय ठेवू?

अक्षरओळ: प्रतिमा नको, पण खोटा तर अजिबातच नको. नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या अंकात गिझाचे पिरॅमिड कॉम्प्युटरवर जवळ सरकवले होते, उभ्या मुखपृष्ठात बसावेत म्हणून. पिरॅमिड खरेच, त्यांच्यातलं अंतर तेवढं बदललं. याला खोटा म्हणायला शिकवलंत की मूल उद्या नुसता उजेड वाढवलेल्या फोटोलाही खोटा म्हणेल आणि मग कशावरच विश्वास ठेवणार नाही, ते जास्त वाईट.

जुनीवही: फेरफारसुद्धा पुरत नाही ना. १८४० मध्ये इपोलित बायार या फ्रेंच माणसाने आपण बुडून मेलोय असा स्वतःचा फोटो काढला आणि मागे तसा मजकूर लिहिला. चित्राला कोणी हात लावलेला नाही, सोंग आणि मजकूर खोटा. जुन्या पुराचा फोटो कालचा म्हणून फॉरवर्ड करतात तो याच जातीचा. त्याला 'दिशाभूल करणारा' म्हणा, मुलांना कळतं.

शुद्धमराठी: आधी 'फोटो' हा शब्दच काढून टाका, छायाचित्र लिहा. आपला शब्द असताना उसना कशाला?

अक्षरओळ: छाया म्हणजे सावली, आणि फोटो तर उजेडाने उमटतो.

शुद्धमराठी: संस्कृतात छाया म्हणजे प्रतिबिंब आणि कांतीसुद्धा, फक्त सावली नाही. शब्द चुकीचा नाहीये.

रानफूल: चुकीचा नसेलही पण घरात कोणी बोलत नाही. माझा मुलगा 'एडिट मारलाय' म्हणतो आणि त्याला नेमकं माहीत असतं काय झालंय ते. मला तर आपलं 'फोटो काढणं' फार आवडतं, चित्र काढतो तसाच फोटोही काढतो, म्हणजे कोणीतरी तो काढलाय हे क्रियापदातच आलं. कोणी काढला, कुठे उभं राहून काढला, चौकटीबाहेर काय ठेवलं, हे सगळे प्रश्न मुलांना तिथूनच विचारता येतात.

जुनीवही: हल्ली 'फोटो घेतला' जास्त ऐकू येतं.

रानफूल: 'घेतला'मध्ये ती मजा नाही, तयार होता आणि उचलला असं वाटतं.

अक्षरओळ: मग एआयने केलेल्याचं काय? तिथे कॅमेराच नाही, त्याला फोटो म्हणूच नये, 'चित्र' म्हणावं. ते काढलेलं पण नाही, बनवलेलं.

शुद्धमराठी: 'कृत्रिम चित्र' म्हणा.

रानफूल: चित्र कुठलंही कृत्रिमच की!

मनवा: आणि मीडिया मेसेजला, म्हणजे जाहिरात, बातमी, फोटो यांतून जे सांगितलं जातं त्याला, काय म्हणू? 'माध्यम संदेश' वाचून एका मुलीने विचारलं, हा मेसेज कोणाच्या फोनवर आला?