मदत हवी आहे: तांबड्या पेशीतले हे ठिपके नेमके कशाचे?

नमस्कार मंडळी, फॅल्सिपेरम मलेरियाच्या एका प्रथिनापाशी घोडं अडलंय. बाधित तांबड्या पेशीत ते परजीवीच्या बाहेर येतं, यात शंका नाही. अँटिबॉडी लावून पाहिलं की परजीवीभोवती पुसट कडं आणि पेशीद्रवात आठ-दहा हिरवे ठिपके दिसतात. म्हटलं, झालं काम, मॉरर्स क्लेफ्ट्स (परजीवीने तांबड्या पेशीत उभारलेल्या चपट्या पटल-पिशव्या)! पण सोबत एसबीपी१ (क्लेफ्ट्सची ओळख पटवणारं प्रथिन) लाल रंगात घेतलं, तर निम्मेच ठिपके पिवळे झाले. उरलेले कुठले? जे-डॉट्स (परजीवीने बाहेर पाठवलेल्या मदतनीस प्रथिनांचे ठिपके)?

सॅपोनिनने पेशी फोडल्यावर प्रथिन गाळात राहतं. पण क्लेफ्ट्सही गाळातच येतात, त्यामुळे तिथून काही कळेना. पेक्सेल खूण (प्रथिन परजीवीबाहेर पाठवायचा छोटा संकेत) त्यात नाही. तशी ती एसबीपी१ मध्येही नाही म्हणा. स्लाइड्स ॲसिटोनने फिक्स केल्यात, हा माझाच आळस. त्यामुळे खोटे ठिपके येतात का?

आता जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडून जिवंत पेशी बघायचा विचार आहे. ट्रोफोझॉइट अवस्थेत (पेशीतला परजीवी वाढतो तेव्हा) क्लेफ्ट्स जागेवर स्थिर होतात, जे-डॉट्स मात्र फिरत राहतात. एवढ्यावर फरक ठरवता येईल का? की आधी स्ट्रेप्टोलायसिन ओ (तांबड्या पेशीच्या पटलाला भोकं पाडणारं, पण परजीवीभोवतीचं पटल शाबूत ठेवणारं विष) वापरून त्या कड्याचा सोक्षमोक्ष लावू? कुणी हे हाताने केलं असेल तर कृपया सांगा.