मदत हवी आहे: एमव्हीआरपीने व्हीलॅन पोचला, पण वायफायला आयपी मिळत नाही

नमस्कार मंडळी,

कळंगुटच्या एका हॉटेलचं नेटवर्क बघतो. मुख्य इमारतीत कोअर स्विच (नेटवर्कच्या केबल्स जोडणारा मुख्य डबा), तिथून फायबर रेस्टॉरंटमागच्या स्विचला, पुढे कॉटेजेसकडचा तिसरा. तिन्ही एका ओळीत. त्याच केबल्सवर प्रत्येक कामाचं वेगळं नेटवर्क, म्हणजे व्हीलॅन, केलंय: १० बिलिंग, २० कॅमेरे, ३० फोन. आता पाहुण्यांच्या वायफायसाठी ४० हवा. चवथ झाली की सीझनची गडबड सुरू, त्याआधी उरकायचंय.

प्रत्येक स्विचवर जाऊन ट्रंकवर (दोन स्विच जोडणाऱ्या लिंकवर) व्हीलॅन टाकायचा कंटाळा (मधला हमखास राहतो), म्हणून तिन्हींवर एमव्हीआरपी (स्विच एकमेकांना व्हीलॅन आपोआप कळवतात तो प्रोटोकॉल) चालू केलं आणि ४० फक्त कोअरवर बनवला. पुढच्या दोन्ही स्विचवर तो ‘डायनॅमिक’ (आपोआप शिकलेला) म्हणून लगेच दिसला. पण कॉटेजच्या ॲक्सेस पॉइंटवर मोबाइलला आयपी नाही. डीएचसीपी (आयपी वाटणारी सेवा) कोअरलाच आहे, तिथे लॅपटॉप लावला तर मिळतो. शेवटच्या स्विचवर ॲक्सेस पॉइंटचा पोर्ट ४० मध्ये टाकू देत नाही. मधल्यावर ४० मध्ये एकच पोर्ट दिसतो, कोअरकडचा. असं का?

शिवाय लाँड्रीकडच्या जुन्या स्विचमध्ये फक्त जीव्हीआरपी (एमव्हीआरपीच्या आधीचा प्रोटोकॉल) आहे. चालेल का?

प्रतिसाद १:
एकच पोर्ट दिसतोय ना, गोम तिथंच आहे. ज्या पोर्टवर घोषणा येते तोच पोर्ट त्या व्हीलॅनचा सदस्य होतो. कोअरची घोषणा खाली गेली, म्हणून दोन्ही स्विचचे वरच्या बाजूचे पोर्ट जोडले गेले. खालून ‘मला ४० हवा’ असं कुणी म्हटलंच नाही, आणि ॲक्सेस पॉइंटला एमव्हीआरपी येत नाही. शेवटच्या स्विचवर ४० स्टॅटिक करा (हाताने बनवा), ॲक्सेस पॉइंटचा पोर्ट त्यात टॅग्ड (व्हीलॅन क्रमांकाच्या खुणेसह) टाका. मग तो स्विच स्वतः वर घोषणा करेल. मधल्याला हात लावू नका.

प्रतिसाद २:
जीव्हीआरपीच्या जागी एमव्हीआरपी आलं ते २००७ च्या ८०२.१एके मध्ये. दोघांना एकमेकांचे संदेश कळत नाहीत. लाँड्रीच्या लिंकवर दोन्ही टोकांना व्हीलॅन हातानेच टाका. आणि खोल्यांतल्या, लॉबीतल्या पोर्टवर एमव्हीआरपी बंद ठेवा, नाहीतर कुणीही लॅपटॉप लावून हव्या त्या व्हीलॅनची घोषणा करेल. व्हीटीपीच्या (सिस्कोचा व्हीलॅन यादी पसरवणारा प्रोटोकॉल) वाटेला गेला नाहीत हे बरं. त्याच डोमेनचा (व्हीटीपी गटाचा), जास्त रिव्हिजन नंबर (यादीतल्या बदलांचा क्रमांक) असलेला जुना स्विच जोडला की पहिल्या दोन आवृत्त्यांत सगळी व्हीलॅन यादी बदलून जाते.

धागाकर्ता:
झालं! शेवटच्यावर ४० स्टॅटिक केला, मधल्यावर दोन्ही पोर्ट आले, मोबाइलला आयपी मिळाला. देव बरें करूं. पावसात वीज जाऊन मधला रीबूट झाला तर?

प्रतिसाद १:
डायनॅमिक व्हीलॅन सेव्ह होत नाही, पण शेजारी पुन्हा घोषणा करतात आणि तो आपोआप शिकतो. मात्र कोअर बंद पडला तर त्याच्याकडून शिकलेलं मधल्यावरून पुसलं जाईल. म्हणून ज्या व्हीलॅनमधून स्विचवर लॉगिन करता तो तिन्हींवर स्टॅटिकच ठेवा.