सात अक्षरं मोजली म्हणजे झूझी होत नाही

रानजाई: परवा इथे पोस्ट आली, "झूझी-त्स, सोपा चिनी काव्यप्रकार, चार ओळी, ओळीत सात अक्षरं, आजच लिहा", आणि खाली धडाधड "चंद्र नभी हसला" सुरू. अहो चिनीत एक अक्षर म्हणजे बहुतेकदा एक अख्खा शब्द, चार-तीनवर श्वास पडतो आणि ओळीत पूर्ण वाक्य बसतं. आपल्याकडे सातात जेमतेम तीन शब्द. यांगत्सेच्या खोऱ्यातली ही गाणी, बासरी-ढोलावर नाचत म्हणायची, 822 च्या सुमारास कवी ल्यू यूशी तिथल्या क्वेझोऊला अधिकारी म्हणून आला, ऐकली, मग त्या चालीवर स्वतः लिहिली. आणि जीव आहे तो श्लेषात! त्याचीच ओळ बघा, पूर्वेला ऊन, पश्चिमेला पाऊस, 'छिंग' नाही म्हणावं तर आहेच. छिंग म्हणजे निरभ्र आभाळ, आणि उच्चार तोच, प्रेमसुद्धा. हे सोडून मोजताय काय?

काठावरचा: ती पोस्ट माझी. ल्यू यूशी तरी कुठे तिथला होता, दरबारातून हाकललेला माणूस. पुढे छिंग राजवटीत (हे छिंग वेगळं, राजघराण्याचं नाव) तर पेइचिंग-शांघायच्या बाजारांवर, सणांवर लोकांनी ढिगाने झूझी लिहिली, त्यात कुठलं आलंय प्रेम. नवीन लिहिणाऱ्याला घाबरवू नका.

जात्यावरची: ल्यू यूशीचं नाव बाराशे वर्षं टिकलं, गाणाऱ्यांपैकी एकाचंही नाही, त्यावर कुणी बोलत नाही. माझ्या आजीच्या ओव्यांची वही एका प्राध्यापकांनी नेली, पुस्तकात छापलं "एक वृद्ध स्त्री". वही आजतागायत परत नाही.

काठावरचा: ताई, विषय काय चाललाय. ल्यू यूशीने चोरलं नाही, गावची पोरं गात होती असं प्रस्तावनेत सरळ लिहिलंय. त्याने लिहिलं म्हणून आपल्याला कळलं तरी.

जात्यावरची: अगदी हेच वाक्य ते सर आजीला ऐकवून गेले! "मी छापलं म्हणून टिकलं." तिच्या तोंडात होतं ते साठ वर्षं टिकलंच होतं की, पहाटे चारला जात्यावर बसून. "गावची पोरं" आणि "एक वृद्ध स्त्री" यात फरक काय मला सांगा.

काठावरचा: आवाज चढवू नका. तुमच्या वहीचा राग माझ्यावर का?

रानजाई: त्यांचा राग बरोबर आहे, आणि ओवीचा विषय बाहेरचा नाहीच, अर्धी ओवी शेतशिवारात अन् अर्धी मनात, झूझीचं तेच. मराठीत करायचं तर असं करा, अक्षरं मोजू नका:

वळीव येऊन गेला गं
वाट सारी ओली
आई पुसे, सर कुठं?
म्हटलं, आत्ताच गेली

गळ्यातली सर आणि पावसाची सर.

काठावरचा: हं. हे जमलंय. "सोपा" शब्द पोस्टमधून काढतो, सात अक्षरं मात्र राहणार, सुरुवातीला काहीतरी धरायला लागतंच.

जात्यावरची: कुणाचं आहे ते खाली लिहा आधी.

रानजाई: माझं. "सर कुठं?" हा प्रश्न मावशीचा, तिच्या लग्नाआधीचा. तिला विचारून नाव टाकते.