कव्हर आधी ऐकलं की ओरिजिनल? तुमचे अनुभव लिहा

मंडळी, कव्हर म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या ढंगात गायलेलं. परवा मावसभावाशी जोरदार वाजलं, विषय काय तर ‘नॉकिन ऑन हेवन्स डोअर’. मी शाळेत असताना दादाच्या कॅसेटवर गन्स अँड रोझेसचं ऐकलं, १९९१ चं, आणि माझ्यासाठी ते गाणं म्हणजे अ‍ॅक्सल रोझचं केकाटणं आणि स्लॅशची गिटार, विषय संपला. कॉलेजात कोणीतरी बॉब डिलनचं १९७३ चं लावलं तर मला वाटलं हा डेमो वगैरे असेल, अडीच मिनिटांत संपलंसुद्धा, मी आपला पुढच्या कडव्याची वाट बघत बसलेलो. मग लॉकडाऊनमध्ये तो वेस्टर्न पिक्चर बघितला ज्यासाठी डिलनने हे लिहिलंय. पोटात गोळी लागलेला शेरीफ नदीकडे चालत जातो, मागे त्याची बायको, आणि हे गाणं. तिथे स्लॅश आला असता तर मीच टीव्ही बंद केला असता. तरी गाडीत अजून गन्सचंच लागतं, भाऊ म्हणतो तुला कान नाहीत. तर तुमचं कुठलं? आधी कुठलं ऐकलं तेही लिहा, मला वाटतं सगळी गोम तिथेच आहे.

---

धाग्याला अनुमोदन. माझं ‘द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड’. निर्वाणा बँडचं अनप्लग्ड (टीव्हीवरचा अकूस्टिक कार्यक्रम) मित्राने टीव्हीवरून कोऱ्या कॅसेटवर उतरवून दिलेलं, आणि साहेबांना टेप वाचवायची इतकी हौस की टाळ्या सुरू झाल्या की लगेच खटका बंद. आता गंमत अशी की गाणं संपल्यावर त्यांचा गायक कर्ट कोबेन स्वतः सांगतो की हे डेव्हिड बोवीचं होतं. ते वाक्य नेमकं कापलेलं! मी सात-आठ वर्षं छातीठोकपणे ते कर्टचं म्हणून लोकांना ऐकवत होतो. बोवीचं १९७० चं ऐकलं तेव्हा पहिल्यांदा अंगावर काटा वगैरे काही नाही, नुसती लाज वाटली. आता बोवीचं जास्त आवडतं, त्यातलं ते घासल्यासारखं वाजणारं वाद्य कर्टकडे नाही. कॅसेट आहे अजून, प्लेअर नाही.

---

मी तबला वाजवतो, रॉकमधलं फार कळत नाही, पण जो कॉकरचं ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ ऐकून हातातला चहा खाली ठेवला होता. बीटल्सचं १९६७ चं म्हणजे साधी चाराची चाल, त्यांचा ड्रमर रिंगो, त्याच्या गळ्याला झेपेल अशी, आपण जाता जाता केहरवा धरू शकतो. कॉकरने पुढच्याच वर्षी ते इतकं संथ केलं आणि सहाच्या वजनात नेलं, म्हणजे जवळजवळ दादराच, की शब्द तेच पण माणूस वेगळा. रिंगो मित्रांबरोबर मजेत बसलाय आणि हा मित्र नाही आले तर मरेल असं वाटतं. वुडस्टॉक संगीत महोत्सवातलं कॉकरचं १९६९ चं रेकॉर्डिंग बघा, हवेत हात असे फिरतायत की मी बायकोला म्हणलं, ह्याला आधी कोणीतरी गिटार द्या.

---

सगळेच कव्हरचं कौतुक करताय म्हणून मी वाईटपणा घेतो. डिस्टर्ब्डचं ‘साउंड ऑफ सायलेन्स’ मला अजिबात सहन होत नाही. शांततेवरचं गाणं आणि शेवटी हा एवढा गर्जतो? सायमन आणि गार्फंकलचं ऐका, एकमेकांत विरघळलेले दोन आवाज, हातच लावू नये अशी गोष्ट.

---

वरच्या दादांना, हात आधीच लागलाय :) १९६४ ला त्यांनी नुसत्या गिटारवर गायलं ते चाललंच नाही. १९६५ ला प्रोड्युसर टॉम विल्सनने त्यांना न विचारता त्यावर इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम्स चढवले आणि १९६६ च्या जानेवारीत ते अमेरिकेत एक नंबरला गेलं. तुम्ही-आम्ही ओरिजिनल म्हणून जे डोळे मिटून ऐकतो ते बहुतेक हेच. डिस्टर्ब्डबद्दल मात्र सहमत.

---

आधी कुठलं ऐकलं त्यावर ठरतं हे मला नाही पटत. ‘हर्ट’ मी नाइन इंच नेल्सचं आधी ऐकलं, हॉस्टेलवर, एकविसाव्या वर्षी, आणि ते माझंच होतं. जॉनी कॅशचं कोणी पाठवलं तर मी रागानेच लावलं. एकच शिवीवजा शब्द बदलून त्याने काट्यांचा मुकुट केलाय, बाकी सगळं तेच, पण तिशीच्या आतल्या मुलाने म्हणलेलं आणि सत्तरीच्या माणसाने म्हणलेलं तेच वाक्य तेच राहत नाही ना. एकदा गाडीत लागलं होतं, मागे बाबा. बाबा म्हणजे भीमसेनजी सोडून सगळं ‘गोंगाट’. गाणं संपल्यावर म्हणाले, हा आजारी आहे का गं? व्हिडिओत शेवटी तो पियानोचं झाकण लावतो आणि त्यावरून हात फिरवतो. २००३ ला, मे मध्ये त्याची बायको जून कार्टर गेली आणि सप्टेंबरमध्ये तो. मी ओरिजिनल आता क्वचितच लावते.

---

‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’. मूळ डिलनचं, पण माझं जिमी हेंड्रिक्सचं. स्वतः डिलनसुद्धा नंतर हेंड्रिक्सच्या वळणाने वाजवायला लागला, अजून काय बोलायचं. कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही हे घेतलं होतं, तीनच कॉर्ड आहेत म्हणून. सोलो आला आणि साउंडवाल्या काकांना वाटलं गिटार बिघडली, त्यांनी आवाजच बंद केला. मित्र दीड मिनिट मुका वाजवत होता, डोळे मिटून.

---

‘ट्विस्ट अँड शाउट’ कोणीच काढलं नाही? ११ फेब्रुवारी १९६३, दिवसभर रेकॉर्डिंग करून बीटल्सनी हे मुद्दाम शेवटी ठेवलं, लेननला सर्दी, घसा बसलेला, तो फाटका आवाज त्यामुळे. बायको म्हणाली हे बीटल्सचं, मी शहाणपणा केला की छे, आयझली ब्रदर्सचं १९६२ चं, महिनाभर भांड्यांची पैज. तिने मोबाईल काढून शांतपणे दाखवलं, टॉप नोट्स नावाच्या ग्रुपचं, १९६१. दोघंही चूक म्हणून पैज रद्द म्हणलं तर म्हणते ओरिजिनल शोधलं कोणी? आज अकरावा दिवस आहे.