रेणवीय जीवशास्त्र सोडून गांधीलमाश्यांकडे वळावे का?

प्रश्न (रानवाट): माझी भाची रेणवीय जीवशास्त्रात (पेशींतील रेणूंच्या अभ्यासात) पीएच.डी. करत आहे, पण तिचा सगळा जीव मुंग्या आणि गांधीलमाश्यांच्या वसाहतींत अडकलेला आहे. या टप्प्यावर विषय बदलून कोणाची कारकीर्द उभी राहिली आहे का?

प्रतिसाद (कीटकवेडी): बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर यांची वाटचाल तिने अवश्य पाहावी. त्यांनी १९७९ मध्ये पीएच.डी. मिळवली ती रेणवीय जीवशास्त्रातच; गांधीलमाश्या हा तोवर छंद होता. पुढे त्यांनी रोपालिडिया मार्जिनाटा ही दक्षिण भारतात सहज आढळणारी जात निवडली, प्रत्येक माशीवर रंगाचे ठिपके देऊन पोळ्यावरील व्यवहार नोंदवले आणि त्यातून मोठे प्रश्न सोडवले. हिची राणी कमालीची शांत असते. मात्र तिला उचलले की थोड्याच वेळात एक कामकरी माशी आक्रमक होते आणि बाकीच्या मुकाट्याने तिचे वारसपण मान्य करतात. ही वारस आधीच ठरलेली असते का, हे तपासण्यासाठी पोळे दुभागून मध्ये जाळी लावली आणि राणीला या बाजूकडून त्या बाजूला हलवले. राणी नसलेल्या बाजूला पुढे आलेली पहिली दावेदार दोन्ही बाजूंना मान्य झाली नाही, तर दुसरी झाली. तिसरीची वेळ कधी आलीच नाही. म्हणजे वारस कोण हे माश्यांना ठाऊक असते, आपल्याला मात्र आधी ओळखता येत नाही! या कामाला महागडी उपकरणे लागली नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते. १९९३ मध्ये त्यांना विज्ञान संशोधनासाठीचा भटनागर पुरस्कार मिळाला.

प्रतिसाद (साशंक): उदाहरण उत्तम आहे, पण त्यामागची परिस्थितीही सांगायला हवी. मूळचे पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हार्वर्डहून परतून १९७३ पासून त्याच संस्थेत होते, आणि परिसरशास्त्राचे केंद्रही तिथेच उभे राहिले. असा आधार नसता, तर छंदाचा व्यवसाय होणे कितपत शक्य होते, याबद्दल मला शंका आहे. शिवाय गदगकरांनी हातातली पीएच.डी. अर्धवट टाकली नव्हती.

प्रतिसाद (कीटकवेडी): हे मान्य आहे, म्हणूनच भाचीनेही ती पूर्ण करावी. दरम्यान एखादे पोळे निवडून रोज ठरावीक वेळी नोंदी ठेवाव्यात; वर्तनशास्त्राच्या मार्गदर्शकाला भेटताना त्या वहीचा गुणपत्रिकेपेक्षा अधिक उपयोग होईल. तिच्या संस्थेत असे कोणी मार्गदर्शक आहेत का?