आई म्हणजे अंडे, मामा म्हणजे आई : परदेशातील पालकत्वाच्या फजित्या

पुण्यात परकीय भाषा शिकवणाऱ्यांची वाण नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्स म्युलर भवनात ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या, पातळीपर्यंत शिकून आपण विमानात बसतो. त्या पातळीवर रेल्वेची वेळ विचारता येते, कॉफी मागवता येते. परंतु ‘बाळाला रात्रीपासून जुलाब होत आहेत, तरी तो खेळतो आहे’ हे सांगता येत नाही. भाषा अशी अर्धीकच्ची असताना ज्यांनी परदेशात लहान मुले वाढवली, त्यांनी आपापली फजिती येथे सविस्तर लिहावी, ही विनंती.

सुरुवात माझ्यापासून करते. २०१६ साली आम्ही स्टुटगार्टजवळ राहत होतो आणि माझा दीड वर्षाचा मुलगा तेथील पाळणाघरात, म्हणजे ‘किटा’त, जाऊ लागला होता. पहिले काही दिवस तो ‘आई, आई’ करून रडत असे. जर्मनमध्ये ‘आय’ म्हणजे अंडे, आणि लहान मुलांच्या बोलीत ‘आय, आय’ म्हणजे गालावरून मायेने हात फिरवणे. त्यामुळे तेथील ताई आधी त्याचा गाल कुरवाळत आणि तरीही तो थांबला नाही, तर उकडलेले अंडे त्याच्या हाती देत. आमच्या घरात तोवर अंडे आलेले नव्हते. आठवड्याने त्यांनी मला कौतुकाने काही सांगितले. त्यातले ‘रोज’ आणि ‘अंडे’ एवढेच दोन शब्द मला कळले, आणि डब्यात रोज अंडे देण्याचा नियम असावा असे समजून मी सासूबाईंना पत्ता लागू न देता अंडी उकडू लागले. उलगडा झाला तो तीन महिन्यांनी. मी त्याला आणायला गेले असता तो माझ्याकडे बोट दाखवून ‘आई’ म्हणाला, आणि ताई गोंधळून त्याच्या डब्याकडे पाहू लागल्या. अंडी तो आजही आवडीने खातो.

औंधहून

वरील अनुभव वाचून आमच्याकडचा मामा आठवला. जर्मनीत पाळणाघरातून मुलाला कोण नेणार, त्यांची नावे आधी लिहून द्यावी लागतात. पुण्याहून आलेल्या माझ्या भावाला मी एके दिवशी घाईत मुलीला आणायला पाठवले आणि तसे कळवायचे राहून गेले. आपण कोण, असे दारात विचारताच त्याने छातीवर हात ठेवून ‘मामा’ एवढेच सांगितले. भरघोस दाढीच्या सहा फुटी माणसाने आपण मुलीची आई असल्याचे सांगितल्यावर बाईंनी दार लोटून घेतले. आत मुलगीही ‘मामा, मामा’ म्हणून उड्या मारत असल्याने संशय फिटण्याऐवजी वाढला. मला कार्यालयात फोन आला तो असा की, येथे एक गृहस्थ आपण तुम्हीच असल्याचे सांगत आहेत.

सहकारनगरहून

माझा प्रसंग त्या वेळी हसण्यासारखा नव्हता. जर्मनीतील सदनिकांच्या दाराला बाहेरून न फिरणारी मूठ असते. दार ओढले गेले की किल्लीवाचून उघडत नाही. लॅच पुण्यातही असते, पण पुण्यात शेजारच्या काकूंकडे आपली एक किल्ली असते. जानेवारीत कचरा टाकायला मी जिन्यापर्यंत गेले आणि मागे दार लागले. आत चौदा महिन्यांची मुलगी, विजेच्या शेगडीवर वरणभाताचा कुकर आणि माझा फोन. वरच्या मजल्यावरील आजींचे दार वाजवले. चार महिन्यांत त्यांच्याशी ‘गुटन टाग’पलीकडे बोलणे झालेले नव्हते. शेगडीला ‘हेर्ड’ म्हणतात हे मला ठाऊक नव्हते. अग्निशमन दलाच्या पाटीवरून ‘फॉयर’ हा शब्द तेवढा माहीत होता, म्हणून ‘माझे मूल, एकटे, फॉयर’ असे मी ओरडून सांगितले. फॉयर म्हणजे आग. आजींनी ११२ क्रमांक फिरवला आणि दारे ठोठावत सारी इमारत रिकामी केली. बर्फात वीस-बावीस माणसे उभी, एकाच्या कडेवर मांजर, आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. आपल्याला शिट्टी म्हणजे डाळ शिजत आली. त्यांना तो स्फोटाचा इशारा वाटला असावा, कारण सर्व जण दहा पावले मागे सरले. जवानांनी काही मिनिटांतच दार उघडले, तेव्हा मुलगी उंबऱ्याशी बसून माझ्या बुटाची नाडी चघळत होती. राग येतो तो माझ्या पाठ्यपुस्तकाचा. त्यात फर्निचरसाठी दोन पाने होती आणि ‘दार लागले’ हे वाक्य कोठेही नव्हते. दुसऱ्या दिवशी आजींना एक किल्ली नेऊन दिली.

एक छोटा अनुभव

जर्मनीत तान्ह्या मुलांना तापावर पॅरासिटामॉल पुष्कळदा गुदद्वारातून द्यायच्या मेणचट गोळीच्या रूपात देतात. मी ती दोन दिवस मधात कुस्करून भरवण्याचा प्रयत्न केला. औषधाच्या दुकानातील वयस्क गृहस्थांनी अखेर मला खरी पद्धत अभिनयाने दाखवली. त्याहून अधिक लिहीत नाही.

बाणेरहून, एक बाबा

जपानमधील नागोयात असताना कंपनीने दुभाषी दिला होता, पण तो पाळणाघरात येत नसे. तेथे एक वही असते. मुलाचा सकाळचा ताप, झोप, जेवण हे सर्व पालकांनी त्यात लिहायचे. मी पुण्याहून नेलेल्या थर्मामीटरवर पाहून ९८.४ लिहिले. जपानमध्ये ताप सेल्सियसमध्ये मोजतात आणि साधारण ३७.५ झाला, तरी मुलाला घरी न्यायला सांगतात. संध्याकाळी माझ्या आकड्याशेजारी वाफा सोडणाऱ्या किटलीचे सुबक चित्र काढलेले होते. मुलगी ‘आजी, आजी’ म्हणे, तर ‘मासे आवडतात असे दिसते’ अशी नोंद होई, कारण ‘आजी’ हा तेथे बांगड्यासारखा एक मासा आहे. सर्वांत मोठी फजिती पिशवीची. त्या पाळणाघरात दिवसभराचे वापरलेले डायपर घट्ट गाठ मारलेल्या पिशवीतून पालकांना परत देत. पहिल्या दिवशी मी तो खाऊ समजलो आणि तेथूनच एका मराठी कुटुंबाकडे गणपतीच्या जेवणाला गेलो. यजमानीणबाईंनी ‘अहो, कशाला आणलेत’ असे म्हणून पिशवी आत नेली.

सदाशिव पेठेतून

तूलूझला असताना आमचा सात वर्षांचा मुलगा वर्षभरात फडाफडा फ्रेंच बोलू लागला. आम्ही उभयता ‘बोंजूर’पाशीच होतो. पालकभेटीत दुभाषी म्हणून त्यालाच बसवले, म्हणजे आरोपीलाच वकील नेमले. बाई पाच मिनिटे गंभीरपणे बोलल्या. चिरंजीव म्हणाले, “बाई म्हणतात, बोलण्यात वर्गात माझा पहिला नंबर.” मी हसून ‘मेर्सी’ म्हणालो, तशा बाई आणखी गंभीर झाल्या. प्रगतिपुस्तकावर ‘बावार’ असा शब्द दोनदा अधोरेखित केलेला होता. त्याचा अर्थ त्याने ‘वक्ता’ असा सांगितला. मी तो फोनवरून वडिलांना कळवला आणि वडिलांनी अख्ख्या वाड्याला. सुट्टीत पुण्यात आलो तेव्हा वडिलांनी ते प्रगतिपुस्तक फ्रेंच शिकलेल्या शेजारणीपुढे अभिमानाने ठेवले. तिने चष्मा लावून वाचले आणि अर्थ सांगितला : बडबड्या. वडिलांनी प्रगतिपुस्तक परत घेतले, नीट घडी घातली आणि म्हणाले, “वक्ताच की. सुरुवात अशीच होते.”